कापडी खेळणे निवडताना विचारायचे तीन प्रश्न

दसरा उलटला की हितचिंतकांचे फोन सुरू होतात. "पाड्यावरच्या मुलांना यंदा मऊ खेळणी पाठवायची आहेत. कोणती घेऊ? कुठून घेऊ?" प्रश्न साधा आहे, पण फोनवर दोन वाक्यांत त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून या अंकातल्या अभ्यासलेखासाठी हाच विषय घेतला आहे.

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात बालवाडीताईंचे प्रशिक्षण आणि बायकांचा शिवणवर्ग ही दोन्ही कामे मी पाहते. त्यामुळे खेळणे हातात घेणारे मूल आणि ते शिवणारी बाई, दोघांकडे माझे लक्ष असते. आमच्याकडे पुष्कळदा ती दोघे एकाच घरातली असतात. महिला मंडळात किंवा ताईंच्या मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, अशा बेताने हा लेख लिहिला आहे. वाचताना एखादे मऊ खेळणे समोर ठेवा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

मऊ खेळणे हवे तरी कशाला?

कोणी म्हणेल, रानातल्या मुलांना खेळण्यांची काय वाण? बिया, करवंट्या, पाने, माती, सगळे हाताशी आहे. हे खरेच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बालवाडीचे साहित्य त्यांनी भोवतालच्या परिसरातूनच उभे केले. महागड्या साहित्याची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत. आमच्या ताईंना मी आजही तेच सांगते.

पण मऊ खेळण्याचे काम वेगळे आहे. करवंटी कुशीत घेऊन निजता येत नाही. आई रानात गेलेली असते आणि तीन वर्षांचे मूल पहिल्यांदाच बालवाडीत येऊन बसलेले असते. ते बाहुलीला भरवते, थोपटते, रागे भरते. आईकडून जे ऐकले तेच तिला ऐकवते. घरी वारली किंवा कातकरी बोली बोलणारे मूल ताईशी मराठीत बोलायला बिचकते, पण बाहुलीशी बोलताना बिचकत नाही. ताई जवळ बसून ऐकत राहिली, तर तिला त्याच्या घरचे शब्द कळू लागतात. म्हणून मऊ खेळण्याला मी चैन म्हणत नाही. मात्र त्यासाठी पोतेभर टेडी लागत नाहीत. एका घराला एक आणि एका बालवाडीला आठ-दहा पुरतात.

थोडीच घ्यायची म्हटल्यावर नीट निवडून घेता येतात. निवडताना तीन प्रश्न विचारावेत, आणि याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : मुलाला यापासून धोका नाही ना?

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. मऊ खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक लागू होते. शिवण, सुटे भाग, पेट घेण्याचा धोका, रंगातले शिसे अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात. चिन्हासोबत 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर घालून खरा-खोटा करता येतो.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. ही सूट योग्यच आहे, नाहीतर हाताने शिवणाऱ्या बाईला प्रयोगशाळेचा खर्च कुठून झेपणार? पण त्यामुळे एक जबाबदारी आपल्यावर येते. जे खेळणे आपण मुद्दाम कारागिराकडून घेतो, त्यावर बहुधा कसलाच शिक्का नसतो. त्याची तपासणी आपल्याच बोटांनी करावी लागते. आमच्या वर्गात एकही खेळणे या पाच कसोट्यांशिवाय बाहेर जात नाही.

१. ओढून पाहा. डोळे, नाक, बटण, मणी, घुंगरू, जे जे वरून लावले आहे ते जोर लावून ओढा. हलले तरी बाद. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे आणि तोंड धाग्याने भरलेलेच हवे.

२. डबीत टाकून पाहा. सुटा होऊ शकणारा भाग घशात अडकेल का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. म्हणजे साधारण सव्वा इंच. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी जवळपास तेवढीच असते. त्या डबीत जी वस्तू पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये.

३. शिवण ताणा. दोन्ही अंगठ्यांनी शिवण फाकवा. भरण दिसले तर शिवण पुन्हा घाला. आत थर्माकोलचे बारीक मणी असतील तर ते खेळणे घेऊच नका. शिवण उसवली की ते मणी नाका-तोंडात जातात.

४. दोरी मोजा. गळ्यातली फीत, शेपटी, टांगायचा बंद, काहीही वीतभर लांब नको. ती गळ्याभोवती गुंडाळली जाऊ शकते.

५. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्याला रंग लागला तर तो मुलाच्या लाळेतही उतरणार.

आणखी दोन गोष्टी ताईंनी आयांना आवर्जून सांगाव्यात. एक वर्षाखालच्या बाळाच्या झोळीत किंवा अंथरुणात झोपेच्या वेळी मऊ खेळणे ठेवू नये. तोंडावर आले तर बाळाला ते बाजूला सारता येत नाही. दुसरे, गाणे म्हणणाऱ्या आणि दिवे लागणाऱ्या खेळण्यांत गुंडीसारखा चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. जिथून मोठे इस्पितळ दोन तासांवर आहे, तिथे असे खेळणे पाठवू नये.

दुसरा प्रश्न : हे कशाचे बनले आहे?

बाजारातला झुबकेदार टेडी बाहेरून आणि आतून पॉलिएस्टरचा असतो. भरणाला शिंपी लोक रेक्रॉन म्हणतात. ते हलके असते, धुतल्यावर लवकर वाळते. पण ते खनिज तेलापासून बनते, मातीत कुजत नाही, आणि धुताना त्याच्या कापडाचे बारीक तंतू पाण्यात जातात. फाटलेला टेडी पाड्यावर शेवटी शेकोटीत किंवा ओहोळात जातो. तिथे कचऱ्याची गाडी येत नाही, हे पाठवणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

सुती कापड आणि कापूस हा जुना, चांगला पर्याय आहे. तरी कापूस म्हटले की सगळे निर्मळ, असे नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय कापूस मागण्याचे कारण केवळ बाळाची त्वचा नव्हे. फवारणीचा पंप पाठीला लावणारा मजूरही त्यामागे आहे. सेंद्रिय कापडावर 'गॉट्स' हे चिन्ह दिसते. त्यासाठी किमान ७० टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो, आणि रंग व कारखान्यातली वागणूक यांनाही नियम असतात. नुसते 'इको' किंवा 'नॅचरल' असे शब्द मात्र कोणीही छापू शकतो.

नैसर्गिक रंगांबद्दलही एक गैरसमज आहे. हळद, मंजिष्ठा, पळसाची फुले यांचे रंग सुरेख येतात, पण रंग कापडावर टिकावा म्हणून त्यासोबत काहीतरी वापरावे लागते. तुरटी आणि हिरडा वापरला असेल तर ठीक. मोरचूद वापरला असेल तर ते कापड बाळाच्या तोंडी लागू नये. म्हणून "रंग कशाचा?" यासोबत "रंग कशाने पक्का केला?" हेही विचारावे. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यात फसवणूक नाही.

सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक कापड आपल्या घरातच असते. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे किंवा धोतर, ज्याची आजीने एरवी वाकळ शिवली असती. त्याचा सुटा रंग केव्हाच निघून गेलेला असतो आणि स्पर्श नव्या कापडाहून मऊ असतो. भरणासाठी आमच्या बायका चैत्र-वैशाखात फुटणारा काटेसावरीचा कापूस वापरतात. तो हलका असतो, पण भुरभुर उडतो आणि झटकन पेट घेतो. म्हणून आधी मांजरपाटाची घट्ट विणीची पिशवी शिवून त्यात तो भरायचा, वर खेळण्याची खोळ चढवायची, आणि चुलीपासून लांब ठेवायला सांगायचे.

पावसाची अडचणही सांगितली पाहिजे. जव्हार-मोखाड्याच्या पावसाळ्यात कापूस भरलेले जाड खेळणे ओले झाले की आठ-आठ दिवस वाळत नाही, आणि त्याला बुरशी येते. आमच्याकडे बालवाडीसाठी आम्ही खेळणी मुद्दाम लहान आणि चपटी करतो, खोळ वेगळी निघेल अशी. खोळ उकळत्या पाण्यात टाकून उन्हात घालता येते. मुलांमध्ये खरजेची साथ असेल तर सगळी खेळणी आठवडाभर बंद पिशवीत बांधून ठेवावीत, म्हणजे किडे मरतात.

तिसरा प्रश्न : हे कोणी शिवले आणि तिला काय मिळाले?

मऊ खेळणे कितीही यंत्रावर बनले तरी भरण घातल्यावरची शेवटची शिवण सहसा हातानेच घालावी लागते. म्हणजे प्रत्येक टेडीच्या पाठीवर कोणाचा तरी हात फिरलेला असतो. त्या हाताला न्याय्य मोबदला मिळावा, यासाठी जगभर जी चळवळ उभी राहिली तिला न्याय्य व्यापार म्हणतात. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेने त्यासाठी दहा तत्त्वे ठरवली आहेत. योग्य मजुरी, बालमजुरीला मनाई, स्त्री-पुरुषांना समान वागणूक, हिशोबात उघडेपणा ही त्यातली काही.

चिन्ह पाहताना एक फरक ध्यानात घ्यावा. कापसावरचे 'फेअरट्रेड' चिन्ह कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याबद्दल सांगते. खेळणे शिवणाऱ्या बाईला काय मिळाले, हे त्यावरून कळत नाही. जागतिक संघटनेचे चिन्ह सबंध संस्थेचा कारभार पाहून दिले जाते. आणि खेड्यातल्या लहान गटाकडे यांपैकी कुठलेच चिन्ह नसते, कारण त्याचा खर्च परवडत नाही. तिथे हिशोब विचारणे हाच उपाय.

हिशोब असा मांडावा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये. समजा, नऊ इंची कापडी बैल कापायला, शिवायला, भरायला आणि त्याचे डोळे काढायला तीन तास लागतात. मजुरी झाली ११७ रुपये. कापड, धागा, भरण ५५ रुपये धरा. मशीनची दुरुस्ती आणि एसटीने माल पोहोचवणे १८ रुपये. एकूण १९० रुपये. विकणाऱ्याचा वाटा यावर. रोजगार हमीचा दर ही खालची मर्यादा आहे, कसबी कामाला त्याहून जास्त मिळायला हवे. आता कोणी असाच हाताने शिवलेला बैल ८० रुपयांना देत असेल, तर उरलेले पैसे कोणाच्या मजुरीतून कापले, हे विचारायलाच हवे.

नगावर मजुरी ठरवताना वेळ कोणाच्या हाताने मोजायचा, यावरही न्याय-अन्याय ठरतो. वर्गातल्या सर्वांत चपळ बाईचे घड्याळ लावले तर बाकीच्या दहाजणी दिवसभर राबूनही अर्धा रोज मिळवतात. आम्ही मधल्या वेगाच्या दोघींचा वेळ धरतो. तसेच, घरी काम नेणाऱ्या बाईच्या हाताखाली मुलगी बसते. धागा ओवण्यापर्यंत ठीक. शाळा बुडवून ती भरण भरत बसली तर ते खेळणे एका मुलाचे बालपण घेऊन दुसऱ्याला दिल्यासारखे होईल. म्हणून गटाला जरूर विचारा की मुली शाळेत जातात का.

या तत्त्वांपैकी आगाऊ रकमेबद्दलचे तत्त्व मला आपल्या भागासाठी फार मोलाचे वाटते. हस्तकलेचा माल घेणाऱ्याने, कारागिराने मागितल्यास, किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असे ते सांगते. आपल्याकडे 'उचल' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत सबंध घर भट्टीवर अडकते. बालवाडीच्या हजेरीपटावरची नावे त्या महिन्यांत गळू लागतात. खेळण्यांच्या ऑर्डरवर मिळणारी आगाऊ रक्कम ही दुसऱ्या जातीची उचल आहे. तिच्यातून कापड येते, आणि बाईला घर न सोडता काम सुरू करता येते. शिवणकामाने स्थलांतर थांबते, असा दावा मी करणार नाही. तेवढे काम आज आमच्याकडे नाही. पण ज्या घरी हिवाळाभर ऑर्डर असते, त्या घरची एक बाई मुलांना घेऊन मागे राहण्याचा विचार तरी करू शकते. तुमच्या एका खरेदीचा यात एवढा वाटा आहे.

असे काम मोठ्या प्रमाणावर उभे राहिल्याचे उदाहरण शेजारी बांगलादेशात आहे. २००४ साली सुरू झालेल्या 'हाते बुनानो' या संस्थेने खेड्यांतच केंद्रे काढून बायकांना क्रोशाची आणि विणकामाची खेळणी करायला शिकवले. 'पेबल' या नावाने ती परदेशांत विकली जातात.

तिन्ही उत्तरे एकत्र जुळली नाहीत तर?

पुष्कळदा जुळत नाहीत. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या आदिवासी बाहुल्या पाहा. भिल्ल पेहराव, दागिने, टोपली, धनुष्यबाण असा सगळा साज त्यांना असतो. हे काम करणाऱ्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही कला जगावी म्हणून त्या बाहुल्या जरूर घ्याव्यात, पण फळीवर ठेवण्यासाठी. दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडात त्यांचे मणी जाऊ नयेत.

म्हणूनच प्रश्नांचा क्रम सांभाळायचा. मुलाच्या जिवाशी तडजोड नाही. कापड आणि भरण यांत थोडी तडजोड चालेल; सेंद्रिय कापूस मिळाला नाही तर जुने सुती कापड आहेच. आणि पैसे कमी असतील तर मजुरी कमी करू नका, खेळण्यांची संख्या कमी करा.

मग हितचिंतकांनी काय करावे?

घरातले जुने टेडी पोत्यात भरून पाठवू नका. त्यातले निम्मे आम्हाला वेगळे काढावे लागतात. एखाद्याचा डोळा लोंबत असतो, तर एखाद्याच्या सेलच्या कप्प्याला झाकणच नसते. त्याऐवजी घरातल्या जुन्या सुती साड्या आणि चादरी धुऊन, वाळवून पाठवा.

विकत घ्यायचे असेल तर गटाला दिवाळीच्या तोंडावर गाठू नका. भात कापणी-झोडणीच्या धांदलीत बायकांना रात्री जागून शिवावे लागते. पावसाळा संपण्याआधी मागणी नोंदवा आणि निम्मी रक्कम सोबत द्या. बाहुली मागताना सोनेरी केसांची मागू नका. मुलांच्या ओळखीचे बैल, रानकोंबडा, भेकर, साळिंदर मागा. त्यांची नावे मुलांना स्वतःच्या बोलीत येतात, आणि त्यामुळे ती ताईला शिकवू शकतात.

शिवणाऱ्या गटांनी हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करून कारागिरांचे 'पहचान' ओळखपत्र काढून घ्यावे. त्याशिवाय वर सांगितलेली सूट लागू होत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. समोरच्या खेळण्यावर पाचही कसोट्या करून पाहा. कितींत उतरले? जे उतरले नाही, ते सुई-दोऱ्याने दुरुस्त होईल का?

२. त्या खेळण्याची किंमत आणि ते शिवायला लागणारा वेळ, यांचा हिशोब फळ्यावर मांडा. शिवणारीच्या वाट्याला तासाला किती आले असावेत?

३. आपल्या गावात भरणासाठी काय काय मिळते? ते पावसाळ्यात टिकेल का? चुलीजवळ धोक्याचे आहे का?

४. आपल्या पाड्यावरून दिवाळीनंतर किती घरे बाहेर जातात? त्यांतल्या किती बायकांना शिवता येते? गावातच काम मिळाले तर कोणते महिने सगळ्यात महत्त्वाचे ठरतील?

५. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने जुन्या सुती कापडाचे एक खेळणे शिवून आणावे. लागलेला वेळ चिठ्ठीवर लिहून त्याच्या गळ्यात न बांधता खोळीत ठेवावा.